मुंग्यांच्या वाटणीचं पीठ

सिद्राम अण्णा गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी मुरुमच्या बाजारात होतो आणि माझा हात रुमालाखाली होता. बैलाचा सौदा चालला होता. दलाल माझी बोटं दाबून भाव सांगत होता, मी त्याची बोटं दाबून भाव उतरवत होतो. पुतण्या मागून आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "काका, अण्णा गेले." मी हात काढून घेतला... चालू सौद्यातून असा हात काढल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. दलाल मागून ओरडत राहिला, "अहो थांबा, उतरतो की मी!" त्याला वाटलं, ही माझी नवी चाल आहे.

अण्णा माझ्या बायकोचे थोरले भाऊ. वयानं मोठे असूनही मला कायम "दाजी" आणि "तुम्ही" म्हणायचे. मी विड्याच्या पानांची डाली डोक्यावर घेऊन बाजार करत वर आलेला माणूस. दुसऱ्याच्या मळ्यातली पानं विकून विटलो होतो. अण्णांकडं जमीन होती, बारमाही विहीर होती आणि घाई कशाचीच नव्हती. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी त्यांच्या मागं लागून लागून पानमळा लावायला लावला. दोघंही त्यात नवखे. शेवरी आणि पांगारा वाढवून त्यांच्यावर वेल चढवले, चारी बाजूंनी गवताचे कूड उभे केले. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत गारवा आणि हिरवट अंधार. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही, पाय धुऊनच शिरायचं, ही रीत. अण्णा ती देवघरासारखी पाळत.

त्यांची आणखी एक रीत होती. सोमवारी महादेवाची पूजा झाली की मुंग्यांना पीठ-साखर घालायची. आधी ते अंगणात घालत. मळा लागल्यावर मळ्यात घालू लागले, थेट वेलांच्या बुडाशी. नव्या जागेत मुंगी सुखी तर मालक सुखी, असा त्यांचा हिशेब. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं तर मी तिकडं पाहतच नव्हतो. माझं सगळं लक्ष लग्नसराईवर होतं. पहिला खुडा सोलापूरच्या एका मोठ्या व्यापाऱ्याला देण्याचा मी शब्द दिला होता. सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत, त्यामुळं वाटेत निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथं माल तपासून होईपर्यंत पान मलूल व्हायचं. त्या नाक्यावरही मी गोड बोलून ओळख करून ठेवली होती. डालीवाल्याचा व्यापारी व्हायचा, तर तो याच खुड्यावर.

एका सकाळी पानांच्या पाठी पांढऱ्या दिसल्या. मी अण्णांना हाक मारली. त्यांनी पान उलटून पाहिलं आणि चक्क हात जोडले.

"दाजी, हे आपलं पीठ हाय. मुंग्यांनी वर नेलंय. बरकत हाय ही."

त्यांच्या श्रद्धेपुढं मीही गप्प बसलो आणि दिवस गेले. मग एकदा त्या पिठावर बोट दाबलं, तर बोट चिकट झालं. नीट बघितलं, तर पिठाचे कण पाय हलवत होते.

"अण्णा," मी ओरडलो, "तुमचं पीठ चालाया लागलं!"

ती कीड होती. तिच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, तो मुंग्यांना आवडतो, म्हणून मुंग्या तिला उचलून नव्या शेंड्यावर नेऊन बसवतात, हे आम्हाला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की वेलावर चढणाऱ्या मुंग्यांच्या रांगा आमच्याच पिठापासून निघाल्या आहेत. मी तंबाखू उकळून ते पाणी मारू म्हणालो. अण्णा म्हणाले, "पान थेट तोंडात जातं. विष मारून कुणाला खाऊ घालायचं?" मी वारुळात ओतायला रॉकेल आणलं, तर ते डब्याच्या आडवे उभे राहिले. "म्याच बोलावलंय त्यांना, दाजी. म्याच बाहेर नेतो. तुम्ही जरा साकु करा." साकु म्हणजे पुरे. अण्णा रागावले की असा एखादा कानडी शब्द बाहेर पडायचा.

मी सोलापूर गाठलं. व्यापाऱ्याशी अख्खा दिवस झुंजलो आणि कबूल करून घेतलं की जी पानं स्वच्छ असतील ती निवडून, पुसून पाठवायची. कमी पडतील तेवढी पुढच्या खेपेला. आयुष्यातला तो माझा सगळ्यात अवघड सौदा. आनंदानं परत आलो, पाय धुऊन आत शिरलो... आणि मळ्यात ऊन पडलं होतं. वेल उघडे. अण्णांनी झाडून सगळी पानं खुडून खड्ड्यात पुरली होती आणि रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून ते एकेक कांडं पुसत बसले होते.

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही गावात न्हवता."

"एका दिवसात परत येणार होतो की!"

त्यांनी फडकं पिळलं आणि पुढचा वेल धरला. त्या व्यापाऱ्यानं पुन्हा कधी माझ्यासमोर रुमाल टाकला नाही. त्या वर्षी आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. मळ्यातले निरोप माझी बायको गौराव्वा इकडून तिकडं न्यायची आणि दोघांनाही शिव्या घालायची. त्याच काळात अण्णा दर सोमवारी पीठ थोडं थोडं दूर टाकत गेले. वेलापासून पाटाकडं, पाटापासून फाटकाकडं, शेवटी कुडाबाहेरच्या बोरीखाली. मुंग्या मागोमाग गेल्या. वेल पुन्हा फुटले. त्या मळ्यावर दोन घरं उभी राहिली, हे मी नाकारत नाही. पण माझी तक्रार पानांची नव्हतीच. ती न विचारल्याची होती.

शेवटच्या भेटीत ते बाजेवर पडून होते. उठून बसवत नव्हतं. मी विषय काढलाच. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी "चुकलं" म्हटलं नव्हतं.

"अण्णा, त्या दिवशी एक दिवस का थांबला नाहीत?"

ते आढ्याकडं बघत हसले.

"थांबलो असतो, तर तुम्ही घासाघीस केली असती, दाजी. निम्मी पानं ठिवू म्हनला असता. आन् म्या तुमाला न्हाय म्हनू शकलो नसतो."

निम्मीच ठेवू म्हणालो असतो, हे खरं आहे. तरीही विचारायला हवं होतं. आजही माझं तेच म्हणणं आहे. फक्त आता ऐकायला समोर कुणी नाही...

फाटकाशी खुंटीला त्यांचा पिठाचा डबा तसाच टांगलेला आहे, आत मापाची करवंटी. त्यांचं दिवसकार्य झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी तो उतरवला. बोरीखाली मुंग्या आधीच येऊन फिरत होत्या. मी निम्मी करवंटी टाकली, पुरे म्हणालो, आणि वळलो. फाटकापर्यंत आलो. मग परत गेलो आणि उरलेली निम्मीही टाकली.