कुणी ओ दिली नाही

त्या मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास आण्णा आमच्या घराच्या गच्चीवर पडला. मी खाली माझ्या खोलीत वाचत होतो. दोन वाजता मी त्याला जेवायला बोलवायला वर गेलो. नवव्या दिवशी तो गेला.

आज त्याला सात आठवडे झाले. आण्णा माझा थोरला भाऊ. आमची मूळ वस्ती कवठे महांकाळच्या पूर्वेला, माळावर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील अचानक गेले तेव्हा आण्णा सातवीत होता, मी दुसरीत. दोघांपैकी एकाला मेंढरांमागं जाणं भाग होतं. त्यानं आपलं दप्तर माझ्याकडे दिलं आणि गेला. मी शिकलो, सांगलीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागलो. तो थट्टेनं मला ‘गुरुजी’ म्हणायचा. मी कधी कुणाला शिकवलं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर आमची माणसं मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरत. नव्या रानात तळ पडला की आण्णा आधी जरा उंचावर चढून एक लांब हाक देई. आसपास आपल्यातलं कुणी उतरलेलं असेल तर तिकडून ओ येई. मगच चूल पेटायची. कुणी ओ दिली नाही तर तो जेवताना गप्प असायचा. अकरावीच्या सुट्टीत मी त्याला भेटायला उंब्रजला एसटीतून उतरलो. तळ नेमका कुठं आहे ते माहीत नव्हतं. सांजेच्या वेळी उसात शिरलो आणि दिशाच कळेना. चारी बाजूंना ऊस, वर फक्त आभाळाची पट्टी... घाबरून ओरडलो. लांबून त्याची ओ आली, “बाळूऽऽ, हिकडं!” मी चाळीस पावलं चालायचो, थांबायचो, तो पुन्हा हाक द्यायचा. असं करत त्यानं मला बाहेर काढलं. दोन दिवस त्याचा घसा बसला होता. “गुरुजी, उसात पुस्तक वाचत हुतास व्हय?” एवढंच घोगऱ्या आवाजात म्हणाला.

निवृत्तीनंतर मी घर बघायला लागलो तेव्हा माझी अट एकच होती, शांतता. विश्रामबागच्या पलीकडे एका वसाहतीत हे घर मिळालं. दोन बाजूंना झाडं, रहदारी नाही, मागच्या अंगाला एक खोली. तिचं दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे दलालानं मला स्वतः दार लावून दाखवलं. त्या खोलीसाठीच मी घर घेतलं, असं म्हटलं तरी चालेल. व्यवहार ठरायच्या आधी आण्णाला मुद्दाम बोलावलं होतं. तो थेट गच्चीवर गेला, चारी दिशांना बघितलं, आणि तोंडाभोवती हात धरून त्यानं हाक दिली. माळावरची, पूर्ण. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि लागल्या. दलाल हसला. माझे कान तापले.

“आण्णा, अरे काय हे!”

“कुनी ओ दिली न्हाई रं,” तो म्हणाला. “मानसं ऱ्हात्यात न्हवं हितं?”

वहिनी गेल्या, गुडघे धरले, मेंढरं विकली, तेव्हा मी त्याला इथं आणलं, गच्चीलगतची खोली दिली. माझ्या दृष्टीनं ती परतफेड होती. तो फाटकावरून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला हाक मारी, फोनवर रहिमतपूरच्या मावसभावाशी असा बोले की फोनची गरजच नसावी. महिन्याभरात वसाहतीच्या मोबाइलवरच्या गटात एक निरोप आला : काही घरांतून मोठ्यानं बोलण्याचा त्रास होतो. नाव कुणाचंच नव्हतं. मी तो तीनदा वाचला आणि वर गेलो.

“आण्णा, जरा हळू बोलत जा. इथल्या लोकांना सवय नाही.”

“मी भांडतुय व्हय कुनाशी?”

“भांडत नाहीस रे. पण वरनं खाली हाका नको मारूस. काही लागलं तर खाली ये.”

तो थोडा वेळ हातातली चाती फिरवत राहिला. लोकर कातायची ती फिरकी त्यानं मेंढरांबरोबर विकली नव्हती. मग म्हणाला, “बरं. तुजं घर, तुजा कायदा.”

त्यानंतर तो खरंच हळू बोलायला लागला. चहा हवा असला तरी दुखऱ्या गुडघ्यांनी अठरा पायऱ्या उतरून यायचा आणि माझ्या दारावर बोटानं दोनदा वाजवायचा. सुधा, माझी बायको, एकदा म्हणाली, “अहो, भाऊजी घरात आहेत की नाहीत तेच कळत नाही हल्ली.” मला ते कौतुक वाटलं. पाहुण्यांना मी सांगायचो, आण्णा आता अगदी शहरातला झाला. तो शेजारी बसून ऐकायचा.

त्या मंगळवारी सुधा साताऱ्याला मुलीकडे गेली होती. आम्ही एकला जेवतो. माझं प्रकरण संपायचं होतं, म्हणून मी उठलो नाही. दोनला वर गेलो तर तो टाकीजवळ उन्हात आडवा होता, पाय वेडावाकडा. खुबा मोडला होता. रुग्णवाहिका आली तेव्हा समोरच्या बाई खाली आल्या. म्हणाल्या, “बाळू, बाळू असं काहीतरी ऐकलं हो मी. पण इतकं हळू... वाटलं, फोनवर बोलताहेत.”

रुग्णालयात तिसऱ्या दिवशी तो नीट शुद्धीवर आला. मी विचारलं, “जोरात का नाही ओरडलास?”

“तू वाचत हुतास.” मग जरा हसला. “आन् कायदा तुजाच की, गुरुजी.”

त्यानं माझा हात थोपटला, जणू मीच पडलो होतो. पुढे छातीत पाणी झालं. अडीच तास आधी आणलं असतं तर काही फरक पडला असता का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारलेला नाही. ते रोज समोर येत होते. विचारता आलं असतं.

दिवसकार्याला वस्तीवरची माणसं आली. गच्चीवरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, मोकळ्या गळ्यानं बोलत होती. मी कुणालाही हळू बोला म्हटलं नाही. गटातही कुणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी ती सगळी गेली.

चाती गच्चीच्या कोनाड्यात आहे, तिच्यावर हातभर धागा आहे. मी आता खोलीचं दार उघडं ठेवून वाचतो. वरून काही ऐकू येत नाही.