टीचरांचा राहिलेला क्रूस

पिंप्राळ्याच्या तोतारामची रिक्षा चर्चच्या फाटकासमोर आली की हळू होते. अ‍ॅक्सिलेटरवरचा उजवा हात सुटतो, कपाळाला लागतो, छातीला, डाव्या खांद्याला, मग उजव्या. समोरच्या काचेवर पद्मालयाच्या गणपतीचा फोटो, आणि हा बुवा क्रूस काढतोय, हे पाहून मागचे प्रवासी एकमेकांकडे बघतात.

ही खूण त्याची नव्हे. ती ब्रगांझा टीचरांची. टीचर भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, जळगावात तीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या. किडन्या गेल्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला तोतारामच त्यांना न्यायचा. सहा वर्षांत एक खाडा नाही. चर्च आलं की त्या क्रूस काढायच्या आणि तो आरशातून बघायचा. त्याची मुलगी मोनाली बारावीला नापास झाली तेव्हा टीचरांनी तिला महिनाभर घरी बसवून इंग्रजी शिकवलं होतं.

दोन वर्षांपूर्वीचा शुक्रवार. एरंडोलला पुतणीचा साखरपुडा होता आणि तोतारामला उशीर झाला होता. चर्चजवळ टेम्पो आडवा आला. त्याने रिक्षा जोरात वळवून पुढे काढली. टीचरांचा हात तेव्हा डाव्या खांद्यावर होता. तोल जाऊन त्यांनी तो बाजूच्या दांडीला धरला.

"तोताराम, जरा मागे घे ना," त्या म्हणाल्या. "माझं राहिलं."

"येताना करा, टीचर. मुहूर्त गाठायचाय."

टीचर हसल्या. परत आणायला त्याने स्टँडवरच्या सुकदेवला सांगून ठेवलं होतं. साखरपुड्यात तो पंगतीत बसला असतानाच सुकदेवचा फोन आला. टीचर मशीनवरच गेल्या होत्या.

मातीच्या दिवशी तो चर्चच्या दाराबाहेर चपला हातात घेऊन उभा राहिला. चौथ्या दिवशी तिथून रिकामी रिक्षा नेताना मागची सीट कुरकुरली, कोणी सावरून बसावं तशी. आरशात कोणी नव्हतं. त्याचा हात आपोआप वर गेला. तेव्हापासून तिथून जाताना चुकला नाही.

महिनाभर त्याने तो रस्ताच सोडून पाहिला, लांबून गेला. पण घरापासून चर्च जेवढं लांब, तेवढंच अंतर झालं की, कुठेही असो, सीट कुरकुरायची. शेवटी तो फादरना भेटला. फादर म्हणाले, देव काही फाटकापाशी उभा राहत नाही, तो तुमच्या रिक्षात बाईंबरोबरच होता. तोतारामला ते पटलं. त्या दुपारी बरंही वाटलं. शुक्रवारी सीट पुन्हा कुरकुरली.

स्टँडवर कुजबुज सुरू झाली, तोतारामने धर्म बदलला म्हणून. ती त्याच्या बायकोच्या, लताबाईच्या कानावर गेली. लताबाई धुळ्याकडची. तिने जेवण वाढता वाढता अहिराणीत विचारलं.

"काय व्हयनं तुमले? बठ्ठा लोके बोली राह्यनात."

त्याने सगळं सांगितलं. तिने ताटात भाकरी वाढली. मग एकच विचारलं.

"मंग बाई काय बोलनी तुमले?"

"काही नही. हासनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी लताबाई शेवंतीचा हार घेऊन रिक्षात बसली आणि कब्रस्तानात चला म्हणाली. टीचरांच्या कबरीवर अजून दगडही बसला नव्हता, नुसता लाकडी क्रूस होता. लताबाईने वाळलेला पाला बाजूला केला, हार ठेवला, हात जोडले.

"बाई, याले सोडी द्या आते," ती म्हणाली.

तोतारामने चटकन तिचा दंड धरला. तसं म्हणू नको, म्हणाला. लताबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. दोन वर्षं ज्याला तो घाबरत होता, ते गेलं तर त्या रिक्षात काय उरेल, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. लताबाईने हार नीट केला आणि उठली.

परत निघाले. वाटेत त्याने आरशात पाहिलं. लताबाई सीटच्या एका टोकाला अंग चोरून बसली होती, पदर आवरून, उरलेली जागा मोकळी सोडून.