बसने फिरलास का?

मोघेकाकूंसमोर कुठल्याही देशाच्या राजकारणावर बोलायची सोय नव्हती. तुम्ही नेपाळवर बोला, श्रीलंकेवर बोला, नाहीतर ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे जाऊन आलेल्या एखाद्या आफ्रिकन देशावर बोला. काकू सगळं शांतपणे ऐकून घेत, चष्मा काढून कार्डिगनच्या टोकाने पुसत आणि विचारत, "तिथे बसने फिरलास का रे?" बोलणारा गडबडायचा. कंपनीची गाडी होती, उबर स्वस्त होती, असं काहीबाही सांगायचा. "बरं बरं," म्हणून काकू पुन्हा ताटाकडे वळायच्या. विषय तिथेच संपायचा.

मी हा प्रसाद पहिल्याच भेटीत घेतला. नागपूर सोडून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात मी तावातावाने सांगत होते, की या ब्रिटिशांना स्वतःचा देश चालवता येत नाही आणि म्हणे जगावर राज्य केलं. शेजारी पांढऱ्या केसांच्या, बुटक्याशा बाई तिळाची वडी चघळत बसल्या होत्या. त्यांनी प्रश्न टाकला. मीही काही कमी नाही. म्हटलं, "काकू, मिल्टन कीन्समध्ये बसने कोण फिरतं?"

"मी," काकू म्हणाल्या.

खरंच फिरत. या गावात गाडीशिवाय माणूस म्हणजे चेष्टेचाच विषय. एक गोलचक्कर संपत नाही तोवर दुसरं येतं, आणि चालत जायचं म्हटलं तर झाडीतून वळणावळणाच्या वाटा. पण काकूंच्या गळ्यात फितीला लावलेला ज्येष्ठ नागरिकांचा बसचा पास असायचा आणि हातात चाकांची पिशवी. लेक-जावयाकडे दोन गाड्या होत्या, त्यात त्या दवाखान्यापुरत्या बसत. आम्ही स्टॉपजवळ गाडी थांबवून लिफ्ट देऊ केली की म्हणत, "तू जा पुढे. गाडीतून रस्ता दिसतो गं, माणसं दिसत नाहीत." बसमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांची नावं, त्यांची गुडघेदुखी आणि कोण कुणाला निवडून देणार, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्या बातम्या आम्हाला फुकट मिळत. स्वतःचं मत मात्र त्या कधी सांगत नसत. फारच मागे लागलं तर म्हणत, "मी कोण सांगणार?"

इथे मिल्टन कीन्सला घर घेण्यापूर्वी, म्हणजे लेकीने घेण्यापूर्वी, काकू आफ्रिकेतल्या एका लहानशा देशात तीस वर्षं राहिल्या होत्या. काका साखर कारखान्यात इंजिनियर, काकू मुलींच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका. देश कोणता ते त्या मंडळात कधीच सांगत नसत. "नाव सांगितलं की तुम्ही फोन काढणार आणि दोन मिनिटांत मला त्या देशाचं काय चुकलं ते समजावणार," असं त्यांचं म्हणणं. मला त्यांनी नंतर सांगितलं, पण मीही इथे लिहीत नाही. त्यांचा शब्द मोडवत नाही.

बसच्या प्रश्नावरून आम्ही सगळे समजून चाललो होतो, की काकूंनी त्या देशात गावंच्या गावं बसने पालथी घातली असणार. तसं नव्हतं, हे कळलं ते कणकेमुळे.

त्या वर्षी मे महिन्यात कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक होती. दोन दिवस आधी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरू लागला: मतदानाच्या दिवशी बाहेरच्या लोकांविरुद्ध मोर्चा निघणार, मुलांना शाळेत पाठवू नका, घरात सामान भरून ठेवा. कुणी लिहिलं, कुठून आला, पत्ता नाही. नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "खोटा असेल." मी म्हटलं, "असू दे, कणीक काही वाया जात नाही." इंडियन स्टोअरमधून दोन मोठी पोती घेतली, डाळी घेतल्या, आणि डिकीत चढवत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"कुणाचं लग्न आहे?"

चाकांची पिशवी घेऊन काकू उभ्या. मी मेसेजचं सांगितलं. त्या पोत्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला आज घरी सोडतेस?" लिफ्ट मागितली म्हणजे तब्येत बिघडली असणार असं वाटून मी घाबरलेच. पण त्या गाडीत बसल्या आणि बोलू लागल्या.

"आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी क्लबच्या व्हरांड्यात बैठक बसायची. साहेब लोक, गुजराती दुकानदार, एक ग्रीक बेकरीवाला आणि आम्ही. साहेब म्हणायचे, या लोकांना लोकशाही झेपायला पन्नास वर्षं लागतील. दुकानदार म्हणायचे, मागचा अध्यक्ष बरा, वीज तरी जात नव्हती. मोघे म्हणायचे, कुणी का येईना, कारखान्याला ऊस वेळेवर आल्याशी कारण."

"आणि तुम्ही?"

"मी भजी तळत होते. पण पटत होतं गं मलाही."

शाळेत त्यांच्या शेजारच्या टेबलावर एस्तेर बसायची. ती तिथलीच, जीवशास्त्र शिकवायची. चहाचा थर्मास काकूंचा, भाजलेले शेंगदाणे एस्तेरचे, असा दोघींचा बारा-तेरा वर्षांचा रिवाज होता. त्या देशात बरीच वर्षं राहिलेल्या परदेशी माणसालाही मतदान करता येत असे. बऱ्याच काळाने पहिली मोकळी निवडणूक आली तेव्हा एस्तेर म्हणाली, "शरयू, माझ्याबरोबर रांगेत चल." काकूंनी उत्तर दिलं, की आम्ही पाहुणे, तुमच्या घरात आम्ही कसं बोलावं?

"मला वाटलं मी नम्रपणे बोलले. तिलाही तसंच वाटलं. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी मी कारखान्याची गाडी घेऊन दुकानात गेले. परदेशी लोकांची रीतच होती ती. निवडणूक म्हटली की पीठ, मेणबत्त्या, पेट्रोल भरायचं आणि आतून कडी लावायची. काही जण तर सरळ सीमेपलीकडे जाऊन राहायचे. माझी पोती गाडीत चढत होती आणि एस्तेर तिथेच साखर घेत उभी होती."

"काही बोलली?"

"तेव्हा नाही. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही, गं. पाखरूही उडालं नाही. लोक पहाटेपासून रांगेत उभे राहिले, मत दिलं आणि घरी गेले. सोमवारी एस्तेर मला म्हणाली, 'मी दिवसभर उन्हात उभी होते. तू पाहुणी नव्हतीस, शरयू. तू आम्हाला घाबरत होतीस.' नंतर ती माझ्या थर्मासमधला चहा प्यायली नाही. मी गाव सोडलं तोवर नाही."

मी गाडी त्यांच्या दारात उभी केली होती, पण त्या उतरेनात.

"तीस वर्षांत मी तिथे एकदाही बसने गेले नाही. एस्तेर रोज त्याच बसने यायची, कोंबड्या आणि गाठोड्यांत अंग चोरून. तिच्या बसमध्ये कोण काय बोलतं, मी कधी विचारलंही नाही." मग दार उघडत म्हणाल्या, "परवा माझ्याबरोबर येतेस? जावयाने माझं नाव मतदारयादीत घातलंय केव्हाचं. मी कधी गेलेच नाही."

मला तर हेही माहीत नव्हतं, की कॉमनवेल्थ देशाचे म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथे मतदान करता येतं. ग्रुपवर राजकारण खच्चून चालायचं, पण हे कुणी बोललं नव्हतं. ठरलेल्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही बसने गेलो. मोर्चा निघाला की नाही ते मला आजही ठाऊक नाही. गोलचक्करावरच्या खांबांना इंग्लंडचे झेंडे बांधलेले होते, एवढं खरं. काकूंनी पिशवीचा दांडा घट्ट धरला होता. म्हणाल्या, "भीती वाटतेय गं. पण आज भीती वाटली तरी चालेल."

केंद्र कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये होतं. टेबलामागच्या बाईंनी फोटो असलेलं ओळखपत्र मागितलं. मी म्हटलं, झालं, काकूंचा पासपोर्ट घरी राहिला. काकूंनी गळ्यातला बसचा पास काढून पुढे केला. बाईंनी फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि "लव्हली, थँक्यू डिअर," म्हणत कागद हातात दिला. बसचा पास इथे मतदानाला चालतो! काकूंना हे बसमधल्याच कुणा म्हातारीने सांगितलं होतं. त्या आडोशामागे बराच वेळ होत्या. मत कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर काकू मतदान केंद्राच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. "फोटो काढ." एका जुन्या विद्यार्थिनीकडून त्यांना एस्तेरचा नंबर दोन वर्षांपूर्वीच मिळाला होता. लिहायचा धीर झाला नव्हता. त्या दिवशी फोटो पाठवला, खाली फक्त स्वतःचं नाव. स्टॉपवर बसची वाट बघताना त्या फोन हातातून सोडेनात. शाळेचा निकाल लागायचा असावा असा चेहरा. बसमध्ये बसल्यावर उत्तर आलं. एस्तेरने लिहिलं होतं, "रांग कुठे आहे?"

काकू हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मला म्हणाल्या, "लिही, इथे रांग नसते. मी एकटीच होते." मी टाइप केलं. लगेच दुसरं उत्तर आलं: "पुढच्या वेळी सांग. मी फोनवर तुझ्याबरोबर उभी राहीन."

त्यानंतर दोघी दर रविवारी बोलत. काकू इथे चहाचा कप घेऊन बसायच्या, ती तिकडे शेंगदाणे घेऊन. पुढची वेळ मात्र आली नाही. जानेवारीत काकूंना न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात त्या गेल्या. लेकीने मला फोन केला, मी एस्तेरबाईंना केला. माझी काकू गेली होती, आणखी काय सांगायचं?

पुढच्या निवडणुकीपर्यंत मी माझं नाव नोंदवलं होतं. घरात कणीक नेहमीचीच होती. पासपोर्ट घेतला, गाडी दारातच ठेवली आणि बसने त्याच कम्युनिटी सेंटरपाशी उतरले. रांग नव्हतीच. दाराबाहेर थांबून एस्तेरबाईंना फोन लावला, म्हटलं, मत द्यायला आलेय.

त्यांनी नाव विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कशाने आलीस?"

"बसने," मी म्हटलं.

"मग थांब जरा," त्या म्हणाल्या. "मी चप्पल घालते."