तपासणीची रात्र
स्पिरिटचा वास आला की अंबाजोगाईच्या दवाखान्यातली ती रात्र आठवते. झोपेत माझा श्वास अडकतो असं बायको सारखं सांगायची, मला पटायचं नाही. शेवटी तिनंच झोपेच्या तपासणीला नेलं. डोक्याला, छातीला चिकटवलेल्या वायरी कूस बदलली की ओढायच्या. एसीनं पाय गारठलेले, वरचा कॅमेरा माझ्यावरच रोखलेला. बायको मात्र शेजारच्या बाकड्यावर पडल्या पडल्या घोरायला लागली. उजाडेपर्यंत मी तेच ऐकत तळमळत होतो. सकाळी वायरी काढताना सिस्टर म्हणाली, "तुम्ही झोपलाच नाहीत, परत यावं लागेल." मी वैतागलो. बायको म्हणाली, "येऊ की. तुमचा श्वास बघायला मशीन व्हती, लई वर्षांनी झोपले." दुसऱ्या तपासणीनंतर आता मी श्वास अडकू नये म्हणून नाकाला मशीन लावून झोपतो, आणि मध्येच जाग आली की ती घोरतेय ना, ते आधी ऐकतो.