पाठमोरं गिऱ्हाईक

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षे टाळली. हिंगोलीत टीव्हीच्या दुकानात मी विक्रेता होतो. एक शेतकरी चालू टीव्हींकडे पाठ करून, डोळे मिटून उभा राहिला.

"मामा, टीव्ही बघायचा असतो," मी हसलो.

"बायकोला दिसत न्हाई. आवाज बराबर पायजे."

त्याने स्वच्छ आवाजाचा छोटा टीव्ही निवडला. मी मात्र विकला न जाणारा, घोगरा मोठा टीव्ही गळ्यात मारला. "वापरला की आवाज मोकळा होतो," म्हणालो. त्याने विश्वास ठेवला.

वर्षभराने बाळापूरच्या बाजारात त्यानेच मला हाक मारून चहा पाजला.

"आवाज तसाच हाय. पण मोठा पडदा बघायला गल्ली येती. काय दिसून राहिलं, ते जो तो तिला सांगतो. लई हसती!"

माफी मागायला मी तोंड उघडलं, आणि चहा छान आहे, एवढंच बोललो.