लाल चौकटीतला इशारा

"अनधिकृत वापर केल्यास कायदेशीर कारवाई होईल. आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवली जात आहे." आमच्या पनवेलच्या सरकारी कार्यालयात संगणक लावला की आधी ही लाल चौकट यायची. कसलीशी सुरक्षा तपासणी झाली होती आणि वरून हुकूम आला होता, लॉगिनच्या आधी इशारा हवाच. खाली 'मान्य' असं बटण. ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नसे.

ते बटण रोज सकाळी मी दाबायचे. लॉगिन साहेबांचं, पासवर्ड मी ठरवलेला, आणि मी कोण, तर सुकापूरहून रिक्षाने येणारी कंत्राटी ऑपरेटर. साहेब माझ्या मागे उभे राहून चहा पीत आणि "करून टाका मॅडम" म्हणत. परवाने असे सुटत. शिपाईकाका चिडवायचे, "मॅडम, साएबांचं जेवन पन तुमीच जेवता काय?" मीही हसायचे. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालायचं आणि कंत्राट वाढवायला साहेबांचीच शिफारस लागायची. तोंड कोण उघडणार?

मग तळोज्यातल्या एका केमिकल गोदामाची तक्रार झाली. घरांना लागून परवानगी दिलीच कशी, म्हणून लोक चिडले आणि चौकशीला वरून अधिकारी आले. परवानगी साहेबांच्या लॉगिनवरून गेली होती. त्या दिवशीही पाठीमागून "करून टाका" आलंच होतं. चौकशीत मात्र साहेब म्हणाले, "माझ्या लॉगिनचा कोणीतरी गैरवापर केलाय." तेही अगदी गुळगुळीत आवाजात.

"ठीक आहे, लॉगिन करून ती फाइल दाखवा," चौकशी अधिकारी म्हणाले. साहेब खुर्चीत बसले, कीबोर्डवर बोटं ठेवली आणि थांबले. पासवर्ड त्यांना ठाऊक कुठे होता! सवयीने मागे वळून म्हणाले, "मॅडम, जरा काढून द्या ना." आणि मी, बिनडोक, सवयीनेच उठले. 'मान्य' दाबलं, पासवर्ड टाकला, फाइल उघडून दिली. सगळे माझ्याकडेच बघताहेत हे मला त्यानंतर कळलं.

"सर, आत्ता तुमच्यासमोरच सांगितलं ना त्यांनी मला," मी म्हणाले.

"सांगितलं. पण बटण कोणी दाबलं?" अधिकाऱ्यांनी मान वर न करताच विचारलं आणि लिहून घेतलं.

साहेबांना ताकीद मिळाली. मला घरी बसवलं. तोवर नुसता संताप होता. खरी शिसारी आली ती साहेबांच्या फोनने. "मॅडम, राग धरू नका हं. तुमच्या जागी नवीन मुलगी बसलीय. तिला जरा तो पासवर्ड सांगा."

मी म्हटलं, तिच्याकडे फोन द्या. तिला म्हणाले, "हे बघ, दुसऱ्याच्या लॉगिनला हात लावू नकोस. तुझ्यावर शेकेल. ऊठ तिथून."

ती अगदी हळू म्हणाली, "ताई, लवकर सांगा ना. साहेब इथेच उभे आहेत."