दाजींचा गुलाल

सबंध कोल्हापुरात स्वतःच्या मेहुण्याला सर्वांत जास्त वेळा मातीत बसवण्याचा मान कुणाला द्यायचा असेल, तर तो आमच्या दाजींनाच द्यावा लागेल. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आणि मातीत बसणारा मेहुणा म्हणजे अर्थातच मी. मी आमच्या पेठेच्या फुटबॉल संघात मागच्या फळीत खेळतो. खेळतो म्हणजे संघाचा शर्ट घालून उभा असतो आणि चेंडू आलाच तर बाजूला होतो. दाजी पलीकडच्या पेठेचे. दोन पेठांच्या मध्ये एक चौक आहे आणि आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली खुन्नस आहे. त्यातही दाजी नुसते पेठेचे खेळाडू नव्हेत, पगारी व्यावसायिक. गोवा, कोलकाता, बंगळूर अशा ठिकाणच्या क्लबांत ते कित्येक वर्षं मधल्या फळीत खेळले. सुट्टीत घरी आले की सरावाच्या सामन्यात माझ्यासमोर यायचे आणि नुसता उजवा खांदा झुकवायचे. मी सगळाच्या सगळा तिकडे जायचो. ते डावीकडून "जेवलास का रं?" असं विचारत निघून जायचे. उत्तर द्यायला मी उठेपर्यंत चेंडू आमच्या जाळ्यात गेलेला असायचा.

मधल्या फळीतला खेळाडू नेमकं काय करतो, हे आमच्या घरात अजून कुणालाही नीट कळलेलं नाही. लग्न ठरत होतं तेव्हा वडिलांनी मोठ्या उमेदीनं विचारलं, "गोल किती मारता?"

"मी मारत न्हाय," दाजी म्हणाले. "मारणाऱ्याला देतो."

वडील आत येऊन आईला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण सगळं दुसऱ्यालाच देऊन मोकळं हुतंय बघ." पुढे दाजींचे सामने टीव्हीवर दिसायला लागले. गल्लीतल्या बायका आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, जमायच्या. कॅमेरा गोल मारणाऱ्याच्या मागे धावायचा आणि आम्हाला दाजींचं कोपर दिसायचं, फार तर बुटाची टाच. "ते बघा की आमचं जावई," असं आई म्हणेपर्यंत साबणाची जाहिरात लागलेली असायची.

चेंडू पायात येण्याआधी मागे कोण आहे ते बघून ठेवायचं, ही त्यांच्या धंद्यातली पहिली शिस्त. एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. ही शिस्त दाजींच्या इतकी अंगात मुरली होती की चहाचा कप, जेवणाचं ताट, टीव्हीचा रिमोट, काहीही हातात घेण्याआधी त्यांची मान दोन्हीकडे फिरायची. लग्नात अंतरपाट खाली आला, ताईनं हार उचलला आणि दाजींनी आधी डावीकडे, मग उजवीकडे वळून मागे बघितलं. मंडपात कुजबुज झाली. आमचे मोठे मामा सावकाश चालत गेले आणि नवरा पळू नये म्हणून मंडपाच्या दारात उभे राहिले. मी त्यांना समजावायला गेलो, तर "तू बस, तुला काय अडवता येतंय?" म्हणाले. ते खरंच होतं.

दुसरी सवय म्हणजे मोकळी जागा दिसली की यांना गप्प बसवत नाही. पंगतीत स्वतःचं जेवण सोडून "त्या कोपऱ्यात मामांना पांढरा रस्सा न्हाय मिळाला!" असं ओरडणार. बँकेत अनोळखी बाईंना "काकू, पलीकडच्या खिडकीला कोण न्हाय, तिकडं जावा की," असं सांगणार आणि स्वतः लांबलचक रांगेत तसेच उभे राहणार. ताई यावरून किती वेळा चिडली असेल. "तुम्ही का न्हाय गेला?" असं तिनं विचारलं की हे म्हणणार, "दिसली मला, पण गरज त्यांना हुती."

दोन वर्षांपूर्वी दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या हंगामात कुठल्याच क्लबाचा फोन आला नाही. महिनाभर त्यांनी वाट बघितली, मग बूट पुसले आणि पेठेचा संघ चालवणाऱ्या तालमीत जाऊन म्हणाले, "यंदा मी हाय." इतकी वर्षं पेठेचे सामने ऐन भरात असताना ते परगावी क्लबाकडून खेळत असायचे. घरातलं कपाट मेडलांनी भरलं होतं, पण पेठेनं करंडक जिंकल्यावर जी मिरवणूक निघते, तिच्यातला गुलाल त्यांच्या अंगावर कधी पडला नव्हता. "एकदा तो गुलाल अंगाला लागला की बूट खुंटीला," असं ते मला एकदा चौकात उभ्या उभ्या म्हणाले. एवढा मोठा खेळाडू, पण हे बोलताना अगदी पोरासारखा दिसला.

आणि अंतिम सामना नेमका आमच्या पेठेशी आला. अशा सामन्याआधी आठवडाभर पलीकडच्या माणसानं चौक ओलांडायचा नाही, जावई असला तरी. आईनं मटणाचा डबा चौकापर्यंत पाठवायचा, तिथून तो ताईनं न्यायचा. डबा पोचवायचं काम माझ्याकडे, कारण माझ्यावर फितुरीचा संशय घेण्याइतकं महत्त्व मला कुणीच देत नव्हतं. पण आमच्या प्रशिक्षकांनी दाजींना अडवायची जबाबदारी माझ्यावर टाकली. "घरचा मानूस हायस, खोडी म्हायती असतील," म्हणाले. घरी वडील म्हणाले, "सोडलास तर पेठेत तोंड दावू नको." आई म्हणाली, "त्यांच्या गुडघ्याला लागलं तर घरात पाऊल टाकू नको." राहायचं कुठं, ते कुणीच सांगितलं नाही.

सामना सुरू झाला आणि दाजींनी मला नेहमीसारखं डावी-उजवीकडे पाठवायला सुरुवात केली. प्रेक्षकांत माझ्या नावानं चाललेल्या शिव्या दोन्ही पेठांच्या होत्या, एवढंच समाधान. तरीही गोल कुणाचाच होईना. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा दोन्हीकडच्या पोरांनी गुलालाच्या पोत्यांची तोंडं सोडून ठेवली होती. तेवढ्यात दाजींकडे चेंडू आला. त्यांनी मान वळवली, पण मागे नाही, वर. ते स्वतःच्या पेठेच्या प्रेक्षकांकडे, त्या उघड्या पोत्यांकडे बघत होते. तेवढ्यात मी पाय घातला आणि चेंडू माझ्याकडे आला.

दाजींकडून चेंडू घेण्याची मी आयुष्यभर वाट बघितली होती. त्यामुळे घेतल्यावर त्याचं काय करायचं, याचा विचारच केला नव्हता. मी चेंडूवर पाय ठेवून नुसता उभा राहिलो. सगळं स्टेडियम ओरडत होतं, त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मग अगदी कानाजवळ आवाज आला, पंगतीतलाच.

"डावीकडं! डावीकडं मोकळा हाय की रं!"

मी डावीकडे चेंडू दिला. आमचा पोरगा खरोखर मोकळा होता. त्यानं गोल मारला. मी वळून बघितलं, तर दाजी तोंडावर हात धरून उभे होते. तो आवाज माझ्याखेरीज कुणीच ऐकला नव्हता.

पेठेनं मला खांद्यावर घेतलं. मिरवणूक संपवून घरी आलो, तर दाजी सोप्यात बसले होते. सामना संपला की चौक पुन्हा खुला, हा आमच्याकडचा नियम. आई चहा घेऊन आली. मी त्यांच्या मागेच उभा होतो. दाजींनी कप घेतला, पण मान कुठेच वळवली नाही. "दाजी, तुम्ही का सांगितलं?" एवढंच मला विचारता आलं.

"सांगिटलं न्हाय रं," ते म्हणाले. "तोंडातनं गेलं."

मी त्यांच्याजवळ बसलो. माझ्या केसांतला गुलाल त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर सांडला. ताई घाईनं पुढं आली. "झटका की ते. पलीकडं आपल्या पेठेत कुणी बघितलं तर?"

दाजींनी बाहीकडे बघितलं, बराच वेळ.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "गुलालच हाय की."